चिंधीनं घेतलेलं नाव

आमच्या गल्लीत शिरून "घाटणीच्या खोल्या कुठं?" असं विचारलंत तर शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. ती घाटीण म्हणजे मी. बोरघाटाच्या वर, मावळात माझं माहेर. लग्न होऊन खाली खोपोलीला आले तेव्हा सासरच्यांनी माझ्या बोलण्याला, माझ्या कालवणाला आणि मला मिळून हा एकच शब्द ठेवला. पहिली काही वर्षं मी पदराआड रडून काढली. मग एकदा नणंदेनं चार बायकांत "ही आमची घाटीण" म्हणून ओळख करून दिली, तेव्हा मीच म्हटलं, होय बाई, घाटीणच, म्हणून तर तुमच्या घरातल्या आमटीला चव आली. बायका हसल्या आणि त्या दिवसापासून शब्दाची नांगी मोडली. मालक गेल्यावर वर दोन खोल्या काढून भाड्यानं द्यायला लागले. साजगावच्या कारखान्यांत कामाला येणारी परप्रांतातली पोरं राहतात, तीही मला घाटीण मावशी म्हणतात आणि मी ओ देते. कुणी नाव ठेवलं तर ते त्याच्या हातातून काढून घ्यावं आणि आपणच वापरावं, असं माझं पक्कं मत होतं. चिंधी राहायला येईपर्यंत तरी होतं.

चिंधी गेल्या साली दिवाळीनंतर आली. तिशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, पाठ मात्र ताठ. दारात चपला काढल्या आणि वाकून त्यांची तोंडं रस्त्याच्या बाजूला केली. मी नाव विचारलं. चिंधी, म्हणाली. मी म्हटलं, अगं घरातलं नको, कागदावरचं सांग. तर म्हणे कागदावरही तेच आहे, पासपोर्टवरही तेच. पासपोर्ट ऐकून मी चष्मा लावला. ही बाई जपानात पाच वर्षं म्हाताऱ्या माणसांची सेवा करून आली होती आणि आता चौक गावाच्या पुढं एका वृद्धाश्रमात कामाला लागली होती. माहेर कुठं, तर खालापूरच्या वरच्या डोंगरात, ठाकूरवाडीत. रिक्षा आणि पुढं चढण धरून इथून फार लांब नाही. घर एवढं जवळ असताना खोली कशाला हवी, असं मी विचारलं. मी भोचकच आहे, ते काही लपवत नाही.

"वाडीत मला खुर्ची देतात, मावशी," ती म्हणाली.

तेव्हा मला काही कळलं नाही. पुढं हळूहळू कळलं. भावाच्या, नवनाथच्या घरात सगळी जमिनीवर बसतात. ही गेली की शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणतात, पदरानं पुसतात आणि हिला तिच्यावर बसवतात. बाकीच्यांना चहा पेल्यात, हिला कपबशीत. हिच्यासमोर कुणी भांडत नाही, कुणी शिवी देत नाही. पोरं दाराच्या फटीतून "जपानवाली, जपानवाली" करतात. पाच वर्षं हिनं त्या शेणानं सारवलेल्या जमिनीची आठवण काढली होती. एकदा धीर करून म्हणाली, खुर्ची नको. सगळी हसली. पुढच्या खेपेला खुर्ची होतीच. शेवटी ती खाली उतरून माझ्या खोलीत आली, आणि आमच्या गल्लीनं आठवड्याच्या आत तिचं नाव जपानीण ठेवलं. म्हणजे वर बाहेरची आणि खालीही बाहेरची.

आता या चिंधी नावाचं सांगते. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथली रीत तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या मावळातही होती. चांगलं नाव ठेवलं की काळाची नजर जाते. म्हणून धोंडू, केरू, कचरू असं काहीतरी ठेवायचं. काळाला वाटतं हे टाकाऊच आहे, आणि तो पुढच्या दाराला जातो. चिंधीच्या आईची आधीची दोन मुलं गेली होती. ही जन्मली तेव्हा धोंडूबाई पुढं झाली. धोंडूबाई म्हणजे हिच्या आजीची धाकटी बहीण, नावावरून कळेलच की तीही त्याच रीतीतून जगलेली. तिनं बाळाला उकिरड्यावर ठेवलं, चार पावलं मागं सरली आणि "अगं बया, ही कुणाची चिंधी पडलीय हितं" म्हणत उचलून आईच्या ओटीत टाकलं. पोर जगली. मागून नवनाथ झाला, तोही जगला. बहिणीच्या नावानं भावाला वाट करून दिली असं सगळी वाडी मानते. तिथं ते नाव कुणी हिणवून घेत नाही. आई हाक मारायची त्यात "जगलीस गं माझी बाय" एवढं सगळं ऐकू यायचं, असं चिंधी सांगते.

डोंगर उतरला की तेच नाव ऐकून लोक हसायचे. आश्रमशाळेत पोरींनी पहिल्याच दिवशी फळा पुसायचं काम हिच्याकडं दिलं. तिथल्या एका गुरुजींना कळवळा आला. म्हणाले, तुझं नाव चित्रा लिहू का? पोर सुट्टीत आनंदानं घरी पळाली. आईनं ऐकलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. नाव टाकलंस तर आम्हाला काय तोंड दाखवशील, म्हणाली, आणि ती रडायलाच लागली. मग चिंधीनं दुसरी युक्ती शोधली. कुणी हसायच्या आत आपणच हसून सांगायचं, मी चिंधी. आधी आपण घेतलं की पुढचं वाईट टळतं. ऐकून मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, बाई, तू आणि मी एकाच शाळेतल्या.

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं नाही. मी मोड आलेले वाल सोलायला बसायची, ती कामावरून येऊन समोर बसायची. वालाचं टरफल चिमटीत धरून दाणा निसटवायचा, हे काम असं आहे की तोंड मोकळं राहतं आणि एकमेकींकडं बघावं लागत नाही. जपानातलं तिनं वाल सोलतानाच सांगितलं.

समुद्राकाठचं गाव, थंडीत कमरेइतका बर्फ. तिथल्या वृद्धाश्रमात सगळी म्हातारी माणसं, बरीचशी भ्रमिष्ट. ओकुनो नावाची एक आजी आंघोळीला हात लावू द्यायची नाही. चिंधी जवळ गेली की ओरडायची, "गायजिन! गायजिन!" गायीशी याचा काही संबंध नाही. गायजिन म्हणजे बाहेरचा माणूस. परदेशी माणसाला त्यांच्याकडं दुसरा सभ्य शब्द आहे, कचेरीत तो वापरतात. हा तोंडातला. कुणी म्हणतं यात वाईट काही नाही, कुणी म्हणतं ही शिवीच आहे. मला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडं भय्या म्हणजे भाऊ, पण आपण तो कुणाला आणि कोणत्या सुरात म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तर चिंधीनं काय करावं? जन्मभर जे केलं तेच. त्या आजीला म्हणाली, हो, गायजिनच आहे, आणि गायजिनचे हात गरम असतात, बघा. आणि कोमट पाण्यातला हात तिच्या पाठीवर ठेवला. आजी चपापली आणि मग हसली. त्या दिवसापासून ओकुनो आजीला आंघोळीला गायजिनच लागायची. मग चिंधी प्रत्येक खोलीत शिरताना वर्दी देऊ लागली, गायजिन आली हो. खाटेवरची माणसं हसायची, कामावरचे हसायचे. तिला वाटलं, जमलं. वाईट नाव आपण घेतलं, आता दुसरं काही वाईट होणार नाही.

तिच्या खोलीत मनमाया नावाची नेपाळची बाई होती. पहाडातलीच. दोघी मोडक्या हिंदीत बोलायच्या, एका कुकरात डाळभात लावायच्या, थंडीत एकीच्या पायाशी दुसरीनं पाय लावून झोपायच्या. जपानात तेवढं एक माणूस होतं ज्याच्याशी काही न ठरवता बोलता यायचं. मनमायाला तो शब्द सोसायचा नाही. स्वतंत्र खोली भाड्यानं बघायला गेली तर घरमालकानं त्याच शब्दानं परत पाठवलं होतं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि लोक उभे राहायचे. ती चिंधीला म्हणायची, तू का म्हणून घेतेस? चिंधी हसण्यावारी न्यायची. आपल्या वाडीची रीत तिला सांगावी असं चिंधीला कधी सुचलंच नाही. तिला वाटायचं, एवढं तर कुणालाही कळतं.

मग उन्हाळ्यातली जत्रा आली. वृद्धाश्रमाच्या अंगणात दरवर्षी कंदील लावून खाण्याचे ठेले मांडायचे. तिथली व्यवस्थापक साकाता नावाची बाई, स्वभावानं चांगली, हेही चिंधीनं प्रत्येक वेळी आवर्जून सांगितलं. तिनं दोघींसाठी दोन नवे एप्रन शिवून आणले, छातीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, गायजिन. दोघींनी आपापल्या देशाचं खाणं करून विकायचं. चिंधीनं एप्रन डोक्यातून घातलासुद्धा. मनमायानं आपला हातात घेतला, उलगडून वाचला, नीट घडी घातली आणि टेबलावर परत ठेवला. साकाताबाई गोंधळली. तिनं माफी मागितली आणि मग अगदी साधेपणानं म्हणाली, पण चिंधी-सान तर स्वतःच म्हणतात.

दिवसभर चिंधी अंगणात कांदाभजी तळत होती आणि लोक एप्रनबरोबर फोटो काढत होते. मनमाया वर अंथरुणाला खिळलेल्यांजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधीनं तिला प्रथमच उकिरड्याची गोष्ट सांगितली. मनमायानं सगळं ऐकून घेतलं.

"तुझी आजी तुला उचलणार होती, म्हणून तिनं टाकलं," ती म्हणाली. "इथं मला कोण उचलणार आहे? आणि हे नाव तू एकटीनं नाही घेतलंस. माझ्या गळ्यातही घातलंस."

महिनाभरात मनमायानं दुसऱ्या शहरात काम शोधलं आणि गेली. जाताना कुकर चिंधीसाठी ठेवून गेली, नवीन पत्ता दिला नाही. फोन लागेनासा झाला. त्यानंतरचे दोन हिवाळे चिंधीनं त्या खोलीत एकटीनं काढले. खोलीत दुसरं कुणी आलं नाही. ओकुनो आजीही वारली. चिंधी कामावर "गायजिन आली" म्हणायची बंद झाली, पण लोकांच्या तोंडात तो शब्द बसला होता तो बसलाच. ते मायेनंच म्हणत होते. कुणाला काय सांगणार?

हे ऐकून मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं की ती मनमाया जरा अतीच करत होती. शब्दानं काय अंगाला भोकं पडतात? मी घाटीण म्हणवून घेते, माझं काय झिजलं?

"तुमी एकल्या घाटीण होत्या, मावशी," चिंधी दाणा सोलता सोलता म्हणाली. "तुमी हसल्या त्याचं भलंबुरं तुमच्यापाशीच ऱ्हायलं. माज्या बाजूला दुसरी उभी होती."

मला राग आला. माझ्याच घरात, माझेच वाल सोलत, मला शिकवते! दोन-तीन दिवस मी वाल एकटीनं सोलले. पण रागाचं असं असतं की समोरची खोटं बोलली असेल तर तो टिकतो. हा टिकला नाही.

संक्रांतीच्या सुमारास ती एक पिशवी घेऊन खाली आली आणि म्हणाली, नाव बदलायचंय. आई जाऊन वर्षं झाली होती, आता हिनं नाव टाकलं म्हणून रडणारं कुणी नव्हतं. चित्रा करायचं होतं. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडून मी कागद तयार करून आणले. फक्त सह्या राहिल्या होत्या. तोवर तिनं मला एक गळ घातली. तोंडावर पदर घेत, लाजत म्हणाली की, मावशी, तुम्ही मला त्या नावानं हाक मारून बघा, मला सवय व्हायला हवी. मी जिन्याखाली उभी राहून ओरडले, "चित्रा, चहा ठेवलाय गं!" पहिल्यांदा ती आलीच नाही. तिला वाटलं दुसऱ्याच कुणाला हाक मारली. मग आली ती, बघायला पाहुणे आलेल्या मुलीसारखी केस नीट करून. त्या दिवसापासून रोज सकाळी तिला त्या नावानं हाक मारणारी सगळ्या जगात मी एकटी. सह्या मात्र आज करू, उद्या करू, असं चाललं होतं. एवढ्या वर्षांचं नाव, हात धजत नसेल.

आणि मग सुनिताचा फोन आला. सुनिता म्हणजे नवनाथची बायको. चिंधी जपानात असताना सुनिताची दोन बाळं गेली होती, एक पोटातच आणि एक महिन्याचं होऊन. आता तिसऱ्या खेपेला मुलगी झाली होती. दवाखान्यातून सुखरूप घरी आली होती. धोंडूबाईनं उंबऱ्याबाहेर केराच्या सुपात ठेवून तिला उचलूनही घेतलं होतं. आता बारसं राहिलं होतं आणि नावही ठरलं होतं, कचरी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून चिंधीनं यायचं आणि ते बाळाच्या कानात सांगायचं, एवढंच काम. हे सगळं नवनाथनं आधीच कळवलं होतं. सुनितानं चोरून फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी.

"ताई, पोरीला कचरी नका म्हनू," ती म्हणाली. "दुसरं कायबी ठेवा. मला बोलता येत नाय."

दोन बाळं गेलेल्या बाईला घरात तोंड नसतं. आत्या मात्र बोलू शकत होती. एकदा कानात सांगितलेलं नाव फिरत नाही, ही वाडीची समजूत, त्यामुळे आत्या जे म्हणेल तेच राहणार. पण चांगलं नाव ठेवलं आणि उद्या पोरीला साधा खोकला झाला, तरी वाडी म्हणणार की जपानवालीनं घात केला. मग भावाचं दार बंद. चिंधीला त्या घरात उरलेला होता तो आत्याचा मान आणि ती खुर्ची, दोन्ही गेली असती.

मी म्हटलं, तुझा या रीतीवर विश्वास आहे का? इतकं जग बघून आलीस, आजारी माणसांत काम करतेस.

"मी जगले ना, मावशी," ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली की तिला रात्री त्या बाळाची स्वप्नं पडतात. विश्वास नसता तर भीती कशाला वाटली असती?

बारशाला ती मला सोबत घेऊन गेली. एकटीनं जायची तिची हिंमत होत नव्हती. चढण चढताना माझ्या गुडघ्यांनी मला चार शिव्या दिल्या. वाडीत सारवण ताजं होतं, दारात बायका जमल्या होत्या, आढ्याला साडीची झोळी बांधली होती आणि झोळीसमोर पुसलेली खुर्ची ठेवली होती. धोंडूबाई चुलीपाशी बसली होती. वय तिचं तिलाही माहीत नाही. मला बघून म्हणाली, आमच्या रीतीला हसतात खालची माणसं, पण माझं नाव बघा आणि माझं आयुष्य बघा. मी आणलेली कुंची बाळाच्या उशाशी ठेवली. सुनिता कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती.

चिंधी खुर्चीवरून उठली आणि झोळीपाशी उकिडवी बसली. आत्यानं कानात कुर्रर्र केलं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपके घालायचे, ही गंमत आमच्याकडंही असते. सगळ्या बायका हात उचलून तयार होत्या. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. मग कुर्रर्र केलं आणि मान वर करून नाव सांगितलं.

"चित्रा."

तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं की ते नाव कुणाचं आहे. आश्रमशाळेतल्या त्या पोरीनं उरात जपून ठेवलेलं, मी रोज सकाळी चहाच्या वेळी हाक मारत होते ते. बायकांचे हात वरच राहिले. एक धपका पडला नाही.

"हे कुनाचं नाव?" धोंडूबाईनं विचारलं.

"पोरीचं."

"दोन गेलीत ह्या घरातली. उद्या हिला काय झालं, तर कोन जबाब देनार? तू जाशील पुना इमानात बसून."

चिंधी उठून तिच्यापुढं जाऊन बसली, जमिनीवर.

"आजी, तू मला उकिरड्यावरनं उचललंस. तुज्या नावात माया हाय, मी नाय म्हनत नाय. पन ती माया हितंच ऱ्हाते गं. नाव तेवढं पोरीसंगं खाली जातं. शाळेत जातं, बाजारात जातं, पार परक्या मुलखात जातं. तितं टाकनारे लय हायेत, उचलनारं कोन नाय." तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "घराला वाईट नाव पायजे ना? मग माजं हाय की. एका घराला एक पुरं."

धोंडूबाई तिच्याकडं बघत राहिली. म्हातारीचे डोळे बारीक झालेले, पण नजर चुकवत नव्हती.

"मग ते सोडायचं नाय तू," ती शेवटी म्हणाली. "जीव हाय तवर. दुसरं नाव लावून घ्यायचं नाय."

चिंधीनं एकदा माझ्याकडं बघितलं. सही न केलेले कागद त्या क्षणी आम्हा दोघींनाच दिसत होते. मला ओरडावंसं वाटलं की नको, वचन देऊ नकोस, अगं तू आताच तर ओ द्यायला शिकली होतीस. पण ती माझी वाडी नव्हती आणि माझी नात झोळीत नव्हती.

"नाय सोडत," ती म्हणाली.

धोंडूबाई उठली, काजळाचं बोट घेऊन झोळीपाशी आली आणि बाळाच्या गालावर तीट लावली. "निज गं, चित्रे," म्हणाली. मग बायकांच्या हातांना आठवण झाली आणि चिंधीच्या पाठीत धपके बसले. सुनिता रडत होती. जेवणाच्या वेळी कुणीतरी पुन्हा खुर्ची पुसली. चिंधी मुकाट्यानं तिच्यावर बसली आणि सुनितानं पोर तिच्या मांडीवर आणून ठेवली.

उतरताना मी तिला रागावणार होते. एका म्हातारीची समजूत काढायला स्वतःचं नाव देऊन टाकलंस, असं म्हणणार होते. खाली रिक्षात बसेपर्यंत ते शब्द माझ्या तोंडात विरघळून गेले. मी एवढंच विचारलं की, मनमायाला हे कळायला हवं होतं, नाही का? ती बाहेर बघत होती.

"ह्या वेळी कुना दुसऱ्याच्या गळ्यात नाय घातलं, मावशी," ती म्हणाली. "एकलीनंच घेतलं."

घरी आल्यावर ती न जेवता वर गेली. खालून मला तिच्या खोलीतला दिवा दिसत होता. पाऊल वाजत नव्हतं. माणूस एवढं मोठं काही करून येतं आणि ते सांगायला त्याच्याजवळ कुणी नसतं, याचं मला फार वाईट वाटलं. मी होते, पण मी घरमालकीण.

सकाळी मी चहा ठेवला आणि सवयीनं जिन्याखालून हाक मारली, "चित्रा, चहा झालाय गं!" वरून ओ आली नाही. ती जागी होती. बादली वाजलेली मी ऐकली होती. चहावर साय धरली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते नाव आता डोंगरावर झोळीत होतं.

कागद मी कपाटाच्या खालच्या खणात टाकले. पुन्हा जिन्याशी गेले. तिची आई कशी हाक मारत असेल ते मला माहीत नाही, पण तिनं सांगितलेलं आठवलं आणि तशी हाक मारायचा मी प्रयत्न केला. "चिंधी," म्हटलं, "ये बाई." घाटणीच्या तोंडून ते कितपत जमलं कोण जाणे.

"आले मावशी," म्हणून ती खाली उतरली आणि चहा पिऊन कामाला गेली.